थोरल्याची खरी जागा

मामा, भिंतीवरचा नकाशा मी काल खाली उतरवला. आई म्हणाल्या, राहू दे की गो, भिंत उघडी वाटेल. पण माझ्याने बघवेना. सात वर्षं त्या नकाशावर मी तुमच्या सांगण्यावरून निळे ठिपके काढत होते, आणि तुम्ही खाटेवर बसून, बशीतला चहा फुंकत, माझ्याकडे बघत असायचात. एकदाही हसला नाहीत. तेव्हा तुम्ही हसू कसं आवरलंत, हे मला अजून कळत नाही.

तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. मधे शिमगा येऊन गेला. आपल्याला सुतक, म्हणून पालखी दारावरून पुढे गेली, आणि ढोल लांब जाईपर्यंत आई पडवीत उभ्या राहिल्या. मी मात्र आत बसून तुमच्याशी मनातल्या मनात भांडत होते. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. पण आपलं भांडण अर्धं राहिलं आहे आणि अर्धं काही टाकून उठायची तुमची सवय नव्हती, म्हणून हे लिहायला बसले.

मी देवरूखकडची, डोंगरातली. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर आणि पावसाळ्यापुरता वाहणारा पऱ्या. लग्न होऊन रत्नागिरीत आले तेव्हा सासऱ्यांना मामा, सासूबाईंना आई म्हणायचं आणि बांगडा कसा कापायचा, एवढंच मला शिकवलं गेलं. तुमचा मुलगा मुंबईला नोकरीवर, महिन्यातून एकदा घरी. समुद्र दिसला की मी घाबरून तोंड फिरवायची. तुम्ही ते पहिल्याच आठवड्यात ओळखलंत आणि मला बंदरावर नेऊन नुसतं उभं केलंत. तासभर. शेवटी म्हणालात, "बगून घेतलास? त्यान पन तुला बगून घेतलान. चल आता घरी." समुद्राशी माझी ओळख करून देणं एवढ्यात आटोपलं.

मग मला बंदराजवळच्या त्या लहानशा कार्यालयात काम मिळालं. काम साधं होतं. बोटीवरच्या लोकांना देवमासा दिसला की कधी दिसला, कुठे दिसला, पाणी किती गरम होतं, हे विचारायचं आणि लिहून वर पाठवायचं. समुद्र तापत चालला आहे, त्यामुळे देवमाशांच्या येण्याजाण्याच्या वाटा बदलतायत का, हे साहेबांना शोधायचं होतं. बाकीच्या मुली बंदरावर फिरून फिरून थकायच्या. माझ्या तर घरातच तांडेल. चाळीस वर्षं बोट कुठे न्यायची, जाळं कुठे टाकायचं, हे ज्यांच्या शब्दावर ठरलं ते माझ्या समोर बसून माझ्या हातची भाकरी खात होते. मी स्वतःला फार नशीबवान समजले.

"मामा, देवमासा दिसतो का हो तुम्हाला?"

तुमच्या कपाळाला आठ्या पडल्या. "नाव नको घेऊ गो. थोरला म्हन."

तेव्हापासून तो आपल्या घरात थोरला झाला. तो दिसला की तुम्ही इंजिन बंद करायला लावायचात, डोक्यावरची टोपी काढून हातात धरायचात. त्याचं खाऊन होईपर्यंत जाळं टाकायचं नाही, हा तुमचा नियम. "त्याच्या पंगतीत आपण आधी हात घालायचा नाय." तो कसा दिसतो, हे मी शंभरदा विचारलं असेल. तुम्ही दर वेळी तेच सांगायचात, आणि दर वेळी मला ते नवं वाटायचं. आधी वास येतो, सडक्या जवळ्याचा. मग पाण्यातून घराचं छप्पर वर यावं तशी पाठ येते, बिनआवाजाची. मग तो श्वास सोडतो. त्या तुषारांवर ऊन पडलं की क्षणभर रंग दिसतात, आणि मग नुसतं पाणी. "आपुन सपान बगितला काय असा वाटता," तुम्ही म्हणायचात. दुपारी डोळा लागला की मलाही तो दिसायचा. माझ्या स्वप्नात तो देवरूखच्या आमच्या भातखाचरात यायचा आणि बांध न मोडता पुढे जायचा.

"पण दिसला कुठे?" मी वही उघडून विचारायची.

इथे तुम्ही उठायचात. हात धुऊन यायचात. पंच्याने तोंड पुसायचात. "मिऱ्याचा डोंगर बुडाला काय, तिथून अजून पुढं. तीस वाव पानी." वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी खोली, हे तुम्हीच शिकवलंत; डोंगर दिसेनासा होतो तिथून पुढचं अंतर मोजून मी ठिपका काढायची. जीपीएसवरचा आकडा मागितला की जीपीएस नेमका त्या दिवशी बंद पडलेला असायचा. मी भाबडेपणाने दोनदा नव्या बॅटऱ्या आणून दिल्या. तुम्ही त्या रेडिओत घातल्यात.

पाण्याच्या बाबतीत मात्र तुम्ही एक दिवस चुकला नाहीत. मी दिलेला थर्मामीटर तुम्ही तंबाखूच्या डबीत कापसात गुंडाळून न्यायचात. बादलीने पाणी काढायचं, सावलीत ठेवायचं, वाचायचं, आणि बिडीच्या बंडलाच्या कागदावर आकडा लिहून आणायचा. त्या कागदांचा वास माझ्या कपाटाला अजून आहे. सात वर्षांचे कागद ओळीने लावले की सरळ दिसतं, थंडीतलं पाणी आता थंडीतलं राहिलेलं नाही. तुम्हाला ते कागदाशिवायच माहीत होतं. पहाटे बोट ढकलताना पायांना गारवा लागत नाही, असं तुम्ही मला त्या कामाला लागायच्याही आधी सांगितलं होतंत.

भांडण होतं ते पुढच्या गोष्टीवरून. माझे ठिपके दर वर्षी किनाऱ्यापासून लांब जात होते. मी तुम्हाला समजावून सांगायची. वरचं पाणी तापलं की ते दुधावरच्या सायीसारखं वर बसून राहतं. खालचं गार पाणी वर येत नाही. ते नाही आलं तर बारीक जीव नाहीत, जवळा नाही, तारलीसारखी बारीक मासळी नाही, आणि तारली नाही तर थोरला इथे कशाला थांबेल? तो खोलात जाईल, नाहीतर पार पलीकडे अरबस्तानच्या किनाऱ्याला. तुम्ही सगळं ऐकून घ्यायचात आणि मान हलवायचात.

"पानी तापलाय, ता खरा. पन तो गेला नाय गो. त्यान वेळ बदललान."

"कशावरून?"

"मी सांगतंय म्हनून."

"मामा, असं लिहिता येत नाही."

"मग नको लिवू."

आंब्याला मोहोर दिसला की थोरला आला असं समजायचं, हे तुमच्या वडिलांचं गणित. आता मोहोरच दोन-दोनदा येतो आणि गळून जातो, तर थोरल्याने तरी कुणाचं बघून यायचं? हे तुमचं म्हणणं मला तेव्हा गमतीचं वाटायचं. शिवाय तुम्ही दोष द्यायचात तो आवाजाला. मोठमोठ्या बोटी, त्यांची इंजिनं, ते दिवे. "माझ्या कानाशी कुनी डबा बडवला तर मी पन जेवायला उशिरा येईन." मी म्हणायची पाणी, तुम्ही म्हणायचात आवाज. आई माशाच्या कढीचं भांडं आणून दोघांच्या मधे ठेवायच्या आणि म्हणायच्या, "माशावरून भांडताव तर मासा खाऊन भांडा. गार होतोय." आणि आपण खाली मान घालून जेवायचो. ते सगळे दिवस मला आता एकच लांब दुपार वाटतात.

या दिवाळीनंतर तुमच्या छातीने दगा दिला आणि तुमचं बोटीवर जाणं सुटलं. मी अहवाल लिहीत होते. सात वर्षांचं काम, माझ्या नावाने जाणारा पहिला अहवाल. शेवटचं वाक्य मी तुम्हाला मोठ्या दिमाखाने वाचून दाखवलं: देवमासे या किनाऱ्यापासून खोल समुद्राकडे निघून गेले आहेत. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसला होतात. किती तरी वेळ बाहेरच्या माडाकडे बघत राहिलात.

"असा लिवू नको."

"का?"

"तो हाय."

मी तुमच्या पायावर पांघरूण सारखं केलं आणि विषय सोडला. आजारी माणसाशी काय वाद घालायचा, असं मनात म्हटलं. हा माझा शहाणपणा.

दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही मला हाक मारलीत. दार लावून घे म्हणालात. घरात दुसरं कोण होतं? आई मागे परसात कोकमं बघत होत्या. तरी तुम्ही मला जवळ बसवलंत, आवाज अगदी खाली आणलात, आणि एक जागा सांगितलीत. कुठली दोन ठिकाणं एका रेषेत धरायची, डाव्या हाताला काय दिसलं पाहिजे, पाणी किती वाव, तळाला काय. काय सांगितलंत ते मी इथेसुद्धा लिहिणार नाही. एवढंच की ती जागा जवळ होती, इतकी जवळ की माझ्या सात वर्षांच्या नकाशात ती कुठेच बसत नव्हती. सांगताना तुमच्या कपाळावर घाम आला होता. मला वाटलं, ताप चढतोय.

मी ते पेन्सिलीने वहीत लिहिलं आणि तिथेच, तुमच्या समोर, त्यावर बारीक रेघ मारली. कडेला लिहिलं: ताप होता.

"लिवलास?" तुम्ही विचारलंत.

"लिहिलं," मी म्हटलं.

तुम्ही डोळे मिटून घेतलेत. कित्येक दिवसांत तुमचा चेहरा इतका निवांत दिसला नव्हता. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

बाराव्याला दत्ताराम काका आले. तुमच्या बोटीवर तीस वर्षं खलाशी, त्यामुळे घरात त्यांना कुठे बसा म्हणावं लागत नाही. जेवण झाल्यावर हात पुसत ते भिंतीपाशी गेले.

"हा काय गो?"

"थोरला जिथे जिथे दिसला त्या जागा. मामांनी सांगितलेल्या."

त्यांनी चष्मा लावला. बोटाने एकेक ठिपका चाचपत पार खालपर्यंत गेले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता खाली बसले, आणि मग खरंच रडले.

"हितं? हितं आमी बांगड्यालासुदा कदी गेलाव नाय. आगो, तांडेल कदी जागा खरी सांगतो काय? थोरला हाय तिथं तारली हाय. आज एकाला सांगितली तर उद्या बंदरातल्या सगळ्या बोटी तिथं. तांडेल सांगेल त्याच्या उलट्या अंगाला बगायचा, ह्या आमच्यात लहान पोराला पन म्हायती."

मला माहीत नव्हतं, मामा. मला कुणी सांगितलंच नाही. सात वर्षं मी तुमच्या थापा सुवाच्य अक्षरात लिहून, शिक्का मारून, वर पाठवत होते. ठिपके दर वर्षी लांब का जात होते, तेही उमगलं. मी जितक्या जास्त चौकशा करायची, तितके तुम्ही मला समुद्रात आणखी आत ढकलायचात. थोरला कुठे गेलाच नव्हता. तुम्ही त्याला माझ्यापासून लांब नेत होतात.

माझा संताप संताप झाला. "मला? घरच्या सुनेला खोटं सांगितलं?"

"खोटा सांगितलान असा नको समजू," काका म्हणाले. "त्याच्या तोंडातून ती जागा येतच नव्हती गो. आमच्याशीसुदा नुसता हातान दाखवायचा, हितं वळव, तिथं थांबव. शब्दान कदी नाय."

तेव्हा मी वही आणली आणि रेघ मारलेली ओळ त्यांना वाचून दाखवली. काकांनी पुन्हा वाचायला लावली. मग चष्मा काढून हातात धरला.

"ही तुला सांगितलान? बोलून?"

"हो."

"पोराला पन नाय सांगितलान ही."

मामा, तो घाम तापाचा नव्हता. चाळीस वर्षांची सवय मोडायला किती जोर लावावा लागला असेल, ते मी तुमच्या शेजारी बसून बघत होते आणि मला काही दिसलं नाही. तुम्ही मला आयुष्यात एकदा खरं सांगितलंत, मी ते खोडलं, आणि वर तुमच्या तोंडावर लिहिलं म्हणून सांगितलं. तुमच्या सात वर्षांच्या थापा एका बाजूला आणि माझा तो एक शब्द दुसऱ्या बाजूला ठेवला, तर माझंच पारडं खाली जाईल. मला माफ करा. हे तुमच्या हयातीत म्हणायला हवं होतं.

पण मग तो आहे की नाही? माझा अहवाल अजून टेबलावर होता, सही व्हायची बाकी. तो गेला असं मी लिहिलं होतं, आणि तुम्ही म्हणाला होतात, तो हाय. बघितल्याशिवाय सही करणं मला जमलं नसतं.

तीन दिवसांनी काका मला घेऊन गेले. बाईमाणूस बोटीवर नको म्हणणारे बंदरात आहेत, काकांनी त्यांना विचारलंच नाही. आईंनी डब्यात तांदूळ दिले आणि तुमची टोपी दिली. उन्हं वर आली होती. वारा पडलेला. समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचे झाले होते आणि मधली रेघ पुसली होती, त्यामुळे बोट पुढे जातेय की जागच्या जागी डुलतेय, कळेना. मी दोनदा ओकले. मग पोटात काही उरलं नाही आणि भीतीही उरली नाही. काका तुमच्या खुणा मनातल्या मनात जुळवत होते, ओठ हलत होते. एका क्षणी त्यांनी हात वर केला आणि इंजिन बंद केलं.

अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. पाणी लाकडाला हलकेच लागत होतं. किती वेळ गेला, सांगता येणार नाही. मला वाटतं मधे मी झोपलेही असेन.

आधी वास आला. काकांनी टोपी काढली. मी तुमची टोपी हातात धरली होती, ती छातीशी घेतली. बोटीपासून थोड्या अंतरावर पाण्याचा एक मोठा गोल अगदी सपाट झाला, इस्त्री फिरवावी तसा, आणि त्याच्या पलीकडे तो वर आला. काळसर पाठ, ओली, आणि ती जात राहिली, जात राहिली. मला वाटलं आता संपेल, तर अजून होतीच. मग श्वास. त्याचे थेंब माझ्या तोंडावर पडले की मी तसं धरून चालले, ठाऊक नाही. रंग दिसले, मामा. तुम्ही म्हणायचात ते. नाव मी घेतलं नाही. पुन्हा पाणी पहिल्यासारखं झालं, तेव्हा काका तांदळाची मूठ सोडत होते.

खूप उशिराने मला बादली आठवली. थर्मामीटर वाचण्याआधी मी हात बुडवला. पाणी कोमट होतं. शिमग्याच्या सुमाराला असं पाणी तुमच्या पहिल्या वर्षाच्या कागदांवर कुठेच नाही. म्हणजे मीही चुकीची नव्हते. पाणी तापलं आहे, तारली कमी झाली आहे, आणि थोरला मोहोराच्या दिवसांत न येता आता शिमग्याला येतो. माझ्या वहीतल्या तारखाही तेच सांगत होत्या, मी फक्त जागा बघत बसले. तुम्ही तीन-तीन, चार-चार बघितलेत. आम्हाला एकटाच दिसला. पुढच्या वर्षी कधी येईल, किती दिवस थांबेल, येईल का, हे काकांना सांगता येत नाही आणि मलाही नाही. पण तो आहे. तुम्ही म्हणालात तसाच आहे, वेळ बदलून. हे सांगायला मी बोटीतच तुमच्याकडे वळले होते.

अहवाल मी फाडला. नवा लिहिला, दीड पानाचा. आधीच्या सगळ्या जागा चुकीच्या आहेत, त्या धरू नयेत. दिवस आणि पाण्याचे आकडे मात्र अक्षर न अक्षर खरे आहेत. देवमासा या किनाऱ्यावर अजून येतो, उशिरा येतो, थोडे दिवस थांबतो. साहेबांचा फोन आला, की मग खरी जागा कुठली? अहवालाबरोबरचा नकाशा सगळ्यांसाठी खुला असणार होता. मी म्हटलं, रत्नागिरी किनारा. ते म्हणाले, असं कसं चालेल. मी पुन्हा तेच म्हटलं. नोकरीचं काय होतंय ते कळेल पुढच्या महिन्यात. जागा द्यावी की देऊ नये, यावर तुमच्याशी भांडायला मला फार आवडलं असतं. कारण साहेबांचंही अगदी चूक नाही. माहितीच नसेल तर त्याला कुणी जपायचं कसं, असं ते म्हणतात.

एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी परत येऊन धक्क्याला लागलो, तर शेजारच्या बोटीचा तांडेल जाळं शिवत बसला होता. माझा अवतार बघून हसला.

"काय वैनी, थोरला बगून आलाव काय? खय दिसला?"

काका दोरी बांधता बांधता थांबले. मी पदराने तोंड पुसलं.

"दिसला की. पावस गावाच्या अंगाला, पार आत. किनारा दिसत नव्हता. किती लांब ते मेलं मला काय कळतंय, मी नुसती ओकत होते."

त्याने पावसच्या दिशेला डोळे बारीक करून बघितलं आणि मान हलवली. तांडेलाचं त्याने कधी खरं धरलं नसतं. पण मी डोंगरातली बाई, मला समुद्रातलं खोटं कुठून सुचणार? त्याने आपल्या माणसांना डिझेल भरायला सांगितलं.

तुम्ही गेल्यापासून मला रडू आलं नव्हतं, मामा. घाटावर आलं नाही, बाराव्याला आलं नाही. तिथे धक्क्यावर, मासळीच्या टोपल्यांमधे उभी राहून, ते खोटं बोलून झाल्यावर आलं.